अग्नोन यांचें दप्तर आणि पोथीचें पांचवें भय

जुन्या संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पोथीच्याच तोंडीं जी विनवणी घालीत असत, ती आमच्या बहुतेक वाचकांच्या दृष्टीखालून गेलेली असेल. तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात अशीं चार भयें तींत सांगितलेलीं असतात. हीं चार टळलीं म्हणजे पोथी वांचली, अशी आपली सर्वांची समजूत आहे. गेलें वर्षभर एका परदेशी कादंबरीकाराचे ग्रंथ आणि त्याच्या कागदपत्रांची हकीकत आम्ही वाचीत होतों. त्या वाचनानें आमची ही समजूत डळमळली, व या यादींत पांचवें भय घालणें अवश्य आहे असें आमचें मत झालें. तें भय कोणतें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा ग्रंथकार म्हणजे हिब्रू कादंबरीकार शमुएल योसेफ अग्नोन. हिब्रू म्हटलें म्हणजे आपल्यापैकीं अनेकांना कुलाब्याकडील बेने इस्रायल शेजाऱ्यांची प्रार्थनेची भाषा तेवढी आठवते. तीच भाषा गेल्या दीडशें वर्षांत पुन्हा बोलती व लिहिती झाली, आणि १९६६ सालीं नेली झाक्स या जर्मन कवयित्रीबरोबर अग्नोन यांस नोबेल पारितोषिक मिळून तिच्या नव्या वाङ्मयाला जगन्मान्यता लाभली. आम्हांस हिब्रू येत नाहीं. आमची सारी भिस्त इंग्रजी भाषांतरांवर आहे, हें प्रथमच कबूल करितों. म्हणून त्यांच्या शैलीविषयीं निर्णय देण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा ग्रंथकाराचें जतन करावयाचें म्हणजे नक्की कशाचें जतन करावयाचें? आपल्या मंडळाच्या जन्मापासून हाच प्रश्न आपल्यापुढें आहे. म्हणून परक्या दप्तरावर चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आरंभ जन्मतिथीपासूनच करूं, कारण वादही तेथूनच सुरू होतो. अग्नोन यांचा जन्म गॅलिशियांतील बुचाच या गांवीं झाला. तो प्रदेश त्या काळीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होता, आज युक्रेनमध्यें आहे. आपला जन्म १८८८ सालीं अव महिन्याच्या नवमीस झाला असें ते स्वतः सांगत. यरुशलेमचीं दोनही मंदिरें ज्या तिथीला नष्ट झालीं असें यहुदी लोक मानतात, ती ही तिथि. आणि भावी उद्धारकही याच दिवशीं जन्मेल अशी त्यांची जुनी श्रद्धा आहे. चरित्रकारांनीं कागदपत्रें तपासून जन्मदिवस ८ ऑगस्ट १८८७ ठरविला आहे. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादांत मुरलेल्या आमच्या वाचकांस असल्या घोळाचें नवल वाटणार नाहीं. तथापि दोहोंत एक भेद आहे. आपल्याकडील घोळ बखरकारांचा होता. येथें तो चरित्रनायकानें स्वतः जाणूनबुजून केला आहे. त्यांचें अग्नोन हें नांवसुद्धां जन्माचें नव्हे. मूळचें आडनांव चाचकेस. १९०८ सालीं याफा येथें प्रसिद्ध झालेल्या ‘अगुनोत’ या कथेवरून त्यांनीं हें नांव घेतलें. नवऱ्यानें टाकल्यावर ना विवाहित ना मुक्त अशा स्थितींत अडकलेली स्त्री, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

मग जतन करणारानें काय करावें? खरी तिथि लिहून खोटी पुसून टाकावी काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे: दोनही जपाव्या. १८८७ ही इतिहासाची तिथि आहे. नवमी ही त्यांच्या वाङ्मयाची तिथि आहे. जो मनुष्य स्वतःचा जन्म मंदिराच्या विनाशाच्या दिवशीं मांडतो, त्याच्या कथांत मोडलेलें गांव आणि हरवलेलें घर वारंवार कां येतें, हें त्या खोट्या तिथीवांचून समजत नाहीं.

आतां दप्तराकडे वळूं. १९१२ च्या सुमारास अग्नोन जर्मनींत गेले व तेथें बारा वर्षें राहिले. १९२४ च्या जून महिन्यांत बाड होम्बुर्ग येथील त्यांच्या घराला आग लागली. त्या वेळीं ते स्वतः रुग्णालयांत होते. सुमारें चार हजार हिब्रू ग्रंथांचा संग्रह जळाला. त्याबरोबर एक मोठी आत्मचरित्रात्मक कादंबरी हस्तलिखितांतच भस्म झाली. मार्टिन बुबर यांच्यासह चाललेल्या हसीदी संतांच्या आख्यायिकांच्या संकलनाचेंही लेखन गेलें. ती कादंबरी त्यांनीं पुन्हा कधींही लिहिली नाहीं. ते यरुशलेमला परतले. पांच वर्षांनीं, १९२९ च्या दंगलींत तलपियोत येथील त्यांचें बिऱ्हाड लुटलें गेलें आणि पुन्हा पुस्तकांची व कागदांची नासधूस झाली.

या दोन आपत्तींतून आमच्या मतें जी शिकवण निघते ती अशी. जळलेल्या कादंबरीची प्रत दुसरीकडे कोठेंही नव्हती, म्हणून ती समूळ गेली. ज्या कथा नियतकालिकांत छापल्या गेल्या होत्या, मित्रांस वाचावयास दिल्या होत्या, प्रकाशकाकडे पोंचल्या होत्या, त्यांस आगीनें कांहीं केलें नाहीं. साल्मान शोकेन हा जर्मनींतील धनाढ्य दुकानदार ग्रंथसंग्राहकही होता. त्यानें अग्नोन यांस अनेक वर्षें आर्थिक आधार दिला व पुढें स्वतःची प्रकाशनसंस्था काढून १९३१ सालीं बर्लिन येथें त्यांच्या समग्र कथांचे चार खंड छापले. आपल्याकडे राजाश्रय म्हणजे कवीला शालजोडी, एवढीच कल्पना पुष्कळांची असते. शोकेन यांचा आश्रय छापखान्यापर्यंत गेला, हें त्याचें खरें मोल.

अग्नोन १९७० सालीं वारले. त्यांचें तलपियोतमधील १९३१ सालचें घर पुढें नगरपालिकेनें विकत घेतलें; दुरुस्त होऊन तें २००९ सालीं पाहणारांस पुन्हा खुलें झालें. ज्या उंच मेजापाशीं उभे राहून ते लिहीत, तें मेज तेथें आहे. त्यांच्या ग्रंथांचीं कपाटें तेथें आहेत. कागदपत्रें मात्र तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. ही वांटणी आम्हांस योग्य वाटते. घर हें दर्शनासाठीं असतें, दप्तर अभ्यासासाठीं. दोहोंचा घोटाळा झाला म्हणजे दप्तराची पूजा होऊं लागते आणि वाचन बंद पडतें. मेज पाहून लेखक उभ्यानें लिहीत असे हें कळतें; पण उभ्यानें लिहिलेलें वाक्य त्यानें किती वेळां खोडलें, हें कागदच सांगूं शकतो.

आणि खोडण्याची व पुन्हा लिहिण्याची संवय या लेखकाला विलक्षण होती. तरुणपणीं छापलेल्या कथा त्यांनीं जर्मनींतील वास्तव्यांत बदलल्या, १९३१ च्या खंडांसाठीं बदलल्या, आणि १९५३ च्या सुधारलेल्या समग्र आवृत्तीसाठीं पुन्हा हातीं घेतल्या. संस्कृत पाठचिकित्सेंत वाढलेल्या आमच्यासारख्यास येथें थांबून विचार करणें भाग पडलें. योगायोग असा कीं, अग्नोन यांस नोबेल मिळालें त्याच १९६६ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुरी झाली. १९१९ पासून चाललेल्या त्या कार्यांत १२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. त्या पद्धतीचें गृहीत असें कीं, पाठभेद हे लेखनिकांच्या प्रमादानें व प्रक्षेपानें उत्पन्न होतात. ते बाजूस सारीत गेलें म्हणजे उपलब्ध पोथ्यांच्या आधारानें सांपडेल तितकी जुनी संहिता हातीं लागते. अग्नोन यांच्या बाबतींत हें गृहीत उलटें होतें. येथें पाठभेद लेखकाच्याच हातचे आहेत. जुना पाठ भ्रष्ट नव्हे आणि नवा पाठ प्रक्षिप्त नव्हे. मग ‘मूळ’ कोणतें? तरुणाचें कीं वृद्धाचें?

शेवटचा पाठ तोच प्रमाण, कारण लेखकाची ती अंतिम इच्छा, असें कांहीं संपादक मानतात. हा नियम व्यवहाराला सोयीचा आहे. सत्याला पुरेसा नाहीं. पंचविशींत लिहिलेली कथा साठीच्या हातानें आवरली म्हणजे ती अधिक नेटकी होते, पण पंचविशीचा मनुष्य तींतून निघून जातो. ज्यास लेखकाचें जीवन आणि कार्य दोनही जपावयाचें आहे, त्यानें पाठांची सारी मालिका जपली पाहिजे.

याची खरी कसोटी ‘शिरा’ या कादंबरीच्या बाबतींत लागली. यरुशलेमच्या विद्यापीठांत बायझंटाइन साम्राज्याचा इतिहास शिकविणारा मानफ्रेड हर्ब्स्ट हा तिचा नायक. पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळीं शिरा नांवाच्या परिचारिकेशीं त्याची गांठ पडते आणि त्याचें घर, विद्या व मन यांची घडी विसकटते. शिरा या शब्दाचा हिब्रूंत काव्य असाही अर्थ होतो. १९४८ पासून तिचीं कांहीं प्रकरणें नियतकालिकांत आलीं, पण ग्रंथ लेखकाच्या हयातींत पुरा झाला नाहीं. त्यांची कन्या एमुना यारोन यांनीं तो १९७१ सालीं प्रसिद्ध केला. मागाहून निघालेल्या आवृत्तींत, नायक शिरेचा माग काढीत महारोग्यांच्या रुग्णालयांत जातो व तेथेंच राहतो असें सांगणारें, लेखकानें बाजूस ठेवलेलें शेवटाचें प्रकरणही जोडण्यांत आलें.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, लेखकानें जें बाजूस ठेवलें तें वाचकापुढें मांडण्याचा कोणास अधिकार काय? दुसरा याच्या उलट: जर शेवट उपलब्ध होता, तर कथेला तो सरळ जोडून ग्रंथ पुरा कां केला नाहीं? आमच्या मतें संपादिकेनें दोनही मोह टाळले हेंच तिचें श्रेय. तिनें शेवट दडविला नाहीं आणि सांधा बुजवून तो मूळ ग्रंथांत मिसळलाही नाहीं. भग्न मूर्तीला चुन्याचा हात बसविणारे जीर्णोद्धारक आपण पुष्कळ पाहिले आहेत. तुटलेला हात मूर्तीशेजारीं ठेवणारे थोडे. मुलीच्या हातून हें घडलें याला अधिक मोल आहे, कारण वडिलांचें अपुरेपण झांकावें ही इच्छा कोणत्या अपत्याला होत नाहीं?

तथापि एक उणीव नोंदविणें कर्तव्य आहे. अग्नोन यांच्या मागें निघालेले ग्रंथ साधारण वाचकासाठीं छापले गेले. खर्ड्याखर्ड्यांतील फरकांची पूर्ण नोंद अशा आवृत्त्यांत मावत नाहीं. कन्येनें केलें तें अपत्यऋण होय. पंडितांचें ऋण त्यानें फिटत नाहीं. अशा लेखकाची संपूर्ण चिकित्सक आवृत्ति तयार करणें हें एकट्याच्या हातचें काम नव्हे. महाभारताला जशी पिढ्यांची मंडळी लागली, तशी येथेंही लागेल.

‘शिरा’चे खर्डे जपले गेल्यामुळें आणखी एक गोष्ट उजेडांत आली. अग्नोन यांची ‘अद ओलाम’ म्हणजे ‘सदासर्वदा’ ही १९५४ सालची कथा मूळ याच कादंबरीच्या लेखनाशीं निगडित होती, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. आमच्या वाचकांनीं अग्नोन यांचें एकच लेखन वाचावयाचें असेल तर हें वाचावें अशी आमची शिफारस आहे, कारण ही कथा हस्तलिखितें शोधणाऱ्या मनुष्याची आहे. अदिएल अम्झे नांवाच्या पंडितानें गुमलिदाता या प्राचीन नगराच्या इतिहासावर वीस वर्षें खर्चिलीं आहेत. ग्रंथ छापावयास कोणी मिळत नाहीं. अखेर एक श्रीमंत गृहस्थ तयार होतो. त्याच्या भेटीस निघण्याच्या वेळीं महारोग्यांच्या रुग्णालयांतील एक वृद्ध परिचारिका, रोग्यांना वाचावयास पुस्तकें मागण्यासाठीं, दारांत येते. बोलतां बोलतां तिच्या तोंडून निघतें कीं, त्याच नगराविषयींचें एक जुनें हस्तलिखित रोग्यांजवळ आहे, आणि तें वाचून वाचून रोग्यांच्या अश्रूंनीं व पुवानें माखलें आहे. नगर पडलें तेव्हां शत्रू कोणत्या बाजूनें आंत शिरले हा जो वाद पंडितांत चालू होता, त्याचें उत्तर त्यांत असणार. अम्झे धनिकाची भेट सोडतो, रुग्णालयांत जातो, आणि तेथून परत येत नाहीं.

इंग्रजींत लिहिणारे या कथेंत विद्याव्यसनाचा उपहास पाहतात, कोणी त्याचा गौरव पाहतात. दोनही वाचनांस आधार आहे. बाहेर छापलें जाऊन कीर्ति मिळणार होती ती त्यानें टाकली, हा गौरव; आणि जें सांपडलें तें सांगावयास कोणी श्रोता उरला नाहीं, हा उपहास. पण दोनही पक्षांनीं एका गोष्टीकडे पुरेसें लक्ष दिलेलें आम्हांस दिसत नाहीं. तें हस्तलिखित कोणी जपलें? पंडितांनीं नव्हे, धनिकानें नव्हे, ग्रंथालयानें नव्हे. जगानें टाकलेल्या रोग्यांनीं तें जपलें. आणि तें कपाटांत ठेवून नव्हे, तर रोज हातांत घेऊन. पूव लागलेलें तें चामडें म्हणजे वाचल्या गेलेल्या पोथीची खूण आहे. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांहून भयंकर अवस्थेंत ती पोथी होती, आणि तरी ती जिवंत होती.

याच विचाराचें दुसरें रूप १९३९ सालच्या ‘एका रात्रीचा पाहुणा’ या कादंबरींत आढळतें. १९३० सालीं अग्नोन आपल्या जन्मगांवीं थोडे दिवस जाऊन आले; त्या भेटीवर ही कादंबरी उभारली आहे. गांव सोडून चाललेले लोक जुन्या अध्ययनगृहाची किल्ली पाहुण्याच्या हवालीं करितात. तो तेथें दिवा लावतो, ग्रंथ उघडून बसतो, थंडीच्या दिवसांत शेगडीच्या ओढीनें माणसें जमूं लागतात. उन्हाळा आला कीं माणसें पांगतात. पाहुणा परत निघतो. आणि यरुशलेमला पोंचल्यावर ती किल्ली त्याच्या सामानांत सांपडते. ग्रंथ छापला गेल्यावर चार वर्षांच्या आंत बुचाचचा यहुदी समाज नाझींनीं नष्ट केला. किल्ली उरली, दार उघडणारे उरले नाहींत. आयुष्याच्या उत्तरार्धांत अग्नोन यांनीं त्या गांवाच्या कथा, त्याचे विद्वान, गायक आणि सेवक, लिहून ठेवण्याचें मोठें काम केलें. तोही ग्रंथ कन्येनेंच १९७३ सालीं प्रसिद्ध केला. माणसें मारतां येतात, घरें पाडतां येतात. पण गांव वाचावयास ठेवलें असेल तर तेवढें उरतें.

आतां पांचव्या भयाचें नांव सांगण्यास हरकत नाहीं. तें भय म्हणजे कुलूप. ज्या ग्रंथालयांत अग्नोन यांचें दप्तर आहे, त्यानेंच फ्रान्झ काफ्का यांच्या कागदांसाठीं वर्षानुवर्षें न्यायालयांत झगडा केला. काफ्का यांचे मित्र माक्स ब्रोड यांनीं ते कागद १९३९ सालीं नाझींच्या हातून वांचवून पॅलेस्टाइनला आणले. ब्रोड १९६८ सालीं वारल्यावर त्यांतील पुष्कळसे खाजगी ताब्यांत आणि बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिले. २०१६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ते ग्रंथालयाकडे आले. आगीतून निघालेला कागद तिजोरींत पन्नास वर्षें कोंडला गेला. सुरक्षित होता, पण त्याचा उपयोग जळालेल्या कागदाहून तितक्या काळांत अधिक झाला नाहीं.

परकीयांचें उदाहरण कशाला? आमच्या आजोळीं एक शिसवी पेटी होती. तींत घराण्याच्या पोथ्या व जुने रुमाल आहेत असें आम्ही लहानपणापासून ऐकत होतों. आजोबा दसऱ्याला पेटीवर गंधफूल वाहात. उघडीत मात्र नसत, कारण पोथ्यांस हात लागून त्या बिघडतील हें भय. आम्ही संस्कृत शिकून परतलों तेव्हां मोठ्या आशेनें ती पेटी मागितली. आजोबा त्याआधींच गेले होते. कुलूप शाबूत होतें, फळ्या शाबूत होत्या, आणि आंत वाळवीनें केलेली माती होती. त्या पोथ्यांत काय होतें हें सांगूं शकेल असा एकही मनुष्य हयात नव्हता, कारण त्या कोणी वाचल्याच नव्हत्या. चारी भयांपासून त्या राखल्या गेल्या होत्या.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस हात जोडून विनंति आहे. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं अशीं दप्तरें आहेत; त्यांतील कांहीं आम्हीं दारांतून पाहिलीं आहेत, आंतून पाहिलीं नाहींत. त्यांवर आपला हक्क आहे. तो कोणी नाकारीत नाहीं. परंतु एक नक्कल करूं द्या, एक छायाचित्र घेऊं द्या, एक यादी छापूं द्या. अग्नोन यांची जळालेली कादंबरी आज कोणासही वाचतां येत नाहीं, कारण तिची दुसरी प्रत नव्हती. आणि त्यांनीं टाकून दिलेलें शेवटचें प्रकरण आज आम्हीं पुण्यापासून दूर एका खेड्यांत बसून वाचूं शकलों, कारण एका मुलीनें बापाच्या दप्तराचें कुलूप काढलें.